दत्ता, किती रॉड मोजलेस?

दत्ता, तू माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य होतं, "ये की, मग सांगतो."

मी तलवाड्याला बहिणीकडे होतो. भाचीचा साखरपुडा चालला होता, स्पीकरवाल्यानं मांडव डोक्यावर घेतला होता, आणि तू फोनवर ओरडून सांगत होतास, "रॉड कापून आणले बे. तू आला की हेड बसवू." मी एका कानात बोट घालून मांडवाबाहेर आलो आणि विचारलं, "किती मोजलेस?" तू हसलास. नाकातून येणारं तुझं ते हसू. त्यानं आधी माझं डोकं फिरायचं आणि मग मलाच हसायला यायचं. "ये की, मग सांगतो," म्हणालास आणि फोन ठेवून दिलास.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीची वाट बघत थांब्यावर उभा होतो, तेव्हा फोनवर पुन्हा तुझं नाव आलं. "हं, बोल आता, किती?" असं म्हणतच मी उचलला. पलीकडे सुनीतावहिनी होत्या. "भावजी, हे उठनात," एवढंच त्या म्हणत राहिल्या. मागे शेडच्या पत्र्यावर कुणीतरी काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

तुला काय झालं, किती वेळ लागला, दवाखान्यात काय म्हणाले, हे लोकांनी मला इतक्यांदा सांगितलं की ते लिहीत बसत नाही. मला ज्याचं उत्तर हवं होतं, ते त्यांच्यातल्या एकालाही देता येत नव्हतं. तुझ्या मयतीला मी खांदा दिला, सगळ्यांबरोबर नदीवरून परत आलो, आणि डोक्यात एकच चालू होतं, की हा माणूस एक मोजून आला का आठ? याची लाज वाटली मला. पण ते थांबलं नाही.

तुझ्या आईनं दोन-तीन दिवसांनी विचारलं, "सिद्धार्था, ते रॉड रॉड काय चाललंय तुजं?" तिला जसं सांगितलं तसंच इथं सांगतो. आई, इंजिनात खाली एक फिरणारा दांडा असतो. त्याचा धक्का वर पोचवायला बारीक पोकळ दांड्या असतात, त्यांना पुशरॉड म्हणतात. त्या धक्क्यानं वरचे वाल्व्ह उघडतात आणि मिटतात. रामकिसनच्या जीपला चार सिलिंडरांना दोन-दोन, अशा आठ दांड्या आहेत. दांडी लांब झाली तर वाल्व्ह मिटतच नाही, आखूड झाली तर पुरता उघडत नाही. लई लांब झाली तर वाल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि सगळं इंजिन भंगारात जातं. तुझी आई म्हणाली, "म्हंजी आडसरावानी. लांब आसला तर दार लागत न्हाई." मी म्हटलं, अगदी तसं.

रामकिसन तुझा चुलतभाऊ, म्हणून ती जीप आपल्याकडं आली. केज ते गाव वडापच्या सीटा वाहून वाहून तिचा पार खुळखुळा झाला होता. हेड, म्हणजे इंजिनाचं वाल्व्हवालं वरचं झाकण, तापून वाकलेलं. याआधी कुणीतरी ते एकदा घासून सपाट केलेलं होतंच, आपण पुन्हा घासून आणलं. म्हणजे हेड खाली बसलं आणि दांड्या होत्या तेवढ्याच राहिल्या. दांडीचा धक्का वाल्व्हवर देणाऱ्या रॉकरवर टॅपेटचा स्क्रू असतो, थोडंफार कमीजास्त तो सांभाळून घेतो, पण या हेडवर त्या स्क्रूची हद्द संपली होती. रॉड आखूड करून घेणं भाग होतं. इथवर आपलं एकमत होतं. आपलं एकमत नेहमी इथवरच असायचं.

मी म्हणालो, आठही जागी मोजायचं. तू म्हणालास, "एक मोजू अन् आठ कापू. शितावरून भाताची परीक्षा."

"इंजिन म्हंजी भात न्हाई, दत्ता."

"मग काय हाय?"

"भाकरी हाय. एकेक थापावी लागती."

"तू थापत बस. मी जेवून येतो."

मी म्हणालो, तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टची, म्हणजे धूर सोडणाऱ्या वाल्व्हची, बसायची सीट जळाली होती, ती खोल खरवडलीय, तिथला वाल्व्ह आत रुतून त्याचं टोक वर आलंय, तिथं माप वेगळं निघणार. तू म्हणालास, "टॅपेट सांभाळून घील." मी म्हणालो, सांभाळून घेण्याची पण एक सीमा असते. तू म्हणालास, "तुज्याबरुबर इतकी वर्षं काढली, सीमा मला नको शिकवू." आणि आपण दोघं हसलो, आणि भांडण तसंच राहिलं.

तू गेल्यावर चार जण माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, भांडण मिटायच्या आधी गेला, मनाला लागत असेल. नाही लागत. आपण रोज भांडत होतो. न भांडता घरी गेलो असतो तर माझ्या बायकोनं विचारलं असतं, आज गॅरेज बंद होतं का? आपली पाटीसुद्धा भांडणातूनच झाली. नाव आधी कुणाचं, यावरून गावातल्या दोन-तीन शहाण्यांना भारी काळजी पडली होती. तुझ्या भावकीतलं कुणीतरी तुला म्हणालं होतं की त्या वस्तीतल्या माणसाचं नाव वर लावशील काय. तू मला ते कधी सांगितलं नाहीस, मला बाहेरून कळलं. तू पत्र्याच्या दोन्ही बाजू रंगवून घेतल्यास. केजकडून येणाऱ्याला 'दत्ता सिद्धार्थ' दिसतं आणि गावाकडून येणाऱ्याला 'सिद्धार्थ दत्ता'. पाटी आडवी न लावता रस्त्याला काटकोनात लावलीस. मला म्हणालास, "पत्रा स्वस्तात भेटला." मी पण मान हलवली.

आणि तो मैलाचा दगड. आष्टीच्या बाजारातून शेळ्या घेऊन येणाऱ्या जीपचा पुशरॉड वाकला होता. तू रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर तो ठेवून हातोडीनं ठोकलास, एक डोळा मिटून बघितलास, पुन्हा ठोकलास आणि बसवलास. मापबीप काही नाही. मी म्हणालो, पुढच्या गावापर्यंत पण जाणार नाही. ती जीप वर्षभर हिंडली. त्यानंतर आपल्या प्रत्येक वादात तू तो मैलाचा दगड आणून ठेवायचास. मला त्या दगडाचा इतका राग आहे की आजही तिथून जाताना मी दुसरीकडे बघतो. पण तुझा तो मिटलेला डोळा मला आता कुठं बघायला मिळणार?

दहाव्याला आम्ही सगळे मांजरा नदीच्या काठी होतो. गुरुजींनी पिंड मांडले आणि सगळे मागे सरकले. समोर बाभळीवर कावळे होते, चांगले धष्टपुष्ट. एकही खाली येईना.

तुला ठाऊक आहे, मी हे मानत नाही. आमच्याकडे माणूस गेला की आम्ही वंदना घेतो, कावळ्याचा संबंध नाही. तू तरी कुठं मानायचास? "माज्या दहाव्याला कावळा न्हाई आला तर भातावर मटनाचा रस्सा वत बे," असं तूच मला सांगून ठेवलेलं. पण तिथं उभं राहिल्यावर वेगळं वाटतं. तुझी आई पदर तोंडाला लावून झाडाकडं बघत होती. वहिनी बघत होत्या. ते बघितल्यावर माझी मान आपोआप वर गेली.

एकेक जण पुढं येऊन शब्द देऊ लागला. कुणी म्हणालं, आईला सांभाळू. कुणी म्हणालं, पोरीचं शिक्षण थांबू देणार न्हाई. कावळे जागचे हलेनात. ऊन वर आलं. मग रामकिसन सगळ्यांसमोर म्हणाला, "त्याचा जीव त्या इंजिनात आडकलाय. सिद्धार्थ, तू बोल."

"काय बोलू?"

"म्हण की, तुज्याच मापाचे रॉड बसवतो. हाय तसे. परत मोजत न्हाई."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सोपं होतं रे. दोन वाक्यं होती. म्हणून टाकली असती तर आईच्या जिवाला बरं वाटलं असतं, आणि पुढं मी गुपचूप मोजलंच असतं. मी तोंड उघडलंही. पण तुझ्यासमोर जे मी जन्मात बोललो नसतो, ते तुझ्यामागं कसं बोलू? तू ऐकत नव्हतास हे मला ठाऊक होतं, आणि तरी जीभ वळेना.

मी पिंडासमोर गेलो आणि मोठ्यानं म्हणालो, "दत्ता, मी मोजणार हाय. आठीच्या आठी मोजणार. बरुबर निघालं तर गावभर सांगीन. चुकलं आसलं तर नीट करीन अन् कुनालाच सांगणार न्हाई."

मागे कुजबुज झाली. एक म्हातारबा म्हणाला, "हितं तरी वाकडं बोलू न्हाई." कावळे बसलेच होते. गुरुजींनी आणखी थोडी वाट बघितली आणि शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला. लोक चपला घालायला लागले. निम्म्यांच्या नजरेत होतं की माझ्यामुळं झालं. फक्त तुझी आई जाताना माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली, "खोटं न्हाई बोललास, बरं झालं. त्याला कळलं आसतं."

मला वाटलं, संपलं. पण खरी पंचाईत तिथून पुढं होती. परत येताना रामकिसननं मला रस्त्यात थांबवलं.

"सिद्धार्थ, एक सांग. चुकलं तर कुनाला सांगणार न्हाई म्हनलास."

"हो."

"मग उद्या तू म्हनला बरुबर हाय, तर मी कावून इश्वास ठिऊ? चुकलं आसलं तरी तू तेच म्हननार."

तुला वाचवायला म्हणून बोललो आणि तुलाच अडकवून बसलो होतो. रामकिसन वाईट माणूस नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांची ये-जा सुरू व्हायची होती, त्याची जीप चालायला हवी होती. तो म्हणाला, "केजला एकाला इचारलंय. तो म्हनतो, इंजिन आन, मी उघडून बगतो दत्तानं काय करून ठिवलंय." त्याचं ते 'करून ठिवलंय' मला फार लागलं. म्हणजे तुझं शेवटचं काम दुसऱ्याच्या टेबलावर उघडं पडणार आणि चहाच्या टपरीवर त्याची चर्चा होणार. एवढी वर्षं तू या रस्त्यावरच्या किती जीपा उठवल्यास ते कुणी बोलणार नाही, हे मात्र बोलतील.

मी म्हणालो, "तेराव्यानंतर सकाळी ये. तुज्यासमोर मोजतो. ज्याला यायचं त्याला घिऊन ये. जे निघंल ते निघंल."

घरी जाईपर्यंत मला कळलं की मी काय बोलून बसलोय. आता चुकलेलं झाकायची सोयच राहिली नव्हती. नदीवर दिलेल्या शब्दाचा अर्धा भाग मीच मोडून टाकला होता.

तेराव्यानंतर सकाळी मी शटर वर केलं आणि दारातच थांबलो. शेड चकचकीत होती. फरशी घासलेली, टेबल पुसलेलं, पाने उंचीप्रमाणे लावलेले. दहाव्याच्या आधी घरातलं सगळं धुऊन काढायची तुमच्याकडची रीत. घर आणि शेड एकच, त्यामुळं वहिनींनी नातेवाईक बायांना घेऊन शेडही धुतली होती. तुझं सामान मळकं राहू नये म्हणून प्रत्येक वस्तू हातानं पुसली होती. आठही रॉड साबणानं धुऊन स्टीलच्या एका डब्यात उभे करून ठेवले होते.

दत्ता, तू कुठला रॉड कुठल्या जागेचा हे कळावं म्हणून पुठ्ठ्याला भोकं पाडून रॉड त्यात ओळीनं खोचायचास. तो पुठ्ठा कुठंच नव्हता.

"वहिनी, हितं एक पुठ्ठा व्हता."

"तेलकट झालता. चुलीत घातला." मग माझा चेहरा बघून त्यांचा आवाज बारीक झाला. "माजं काय चुकलं का, भावजी?"

"न्हाई, न्हाई," मी म्हणालो. तुझ्यावर मी सरळ ओरडलो असतो, आणि तू माझ्यावर. वहिनींवर कसा ओरडू? त्यांनी तुझ्या वस्तूंना शेवटचा हात लावला होता.

रामकिसन आला, त्याच्यासोबत केजचा तो मेकॅनिक आणि गावातले चार-पाच जण. तुझी आई दाराशी पोतं टाकून बसली. मी सपाट काच टेबलावर ठेवली, आठही रॉड तिच्यावर उभे केले आणि वरून लोखंडी पट्टी धरली. सात रॉड पट्टीला टेकले. आठव्याच्या वर उजेड दिसत होता.

रामकिसन वाकून म्हणाला, "हा आखूड हाय की."

मग केजचा मेकॅनिक हळूच म्हणाला, "लेथवर हात सरकला आसंल. व्हतं आसं." त्याच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता, म्हणून ते जास्त झोंबलं. वहिनी दारातून आत गेल्या.

माझ्या डोक्यात लगेच तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट आला. तो वाल्व्ह वर आलाय, त्याला आखूड रॉड हवा. पण आखूड म्हणजे किती? जरा जास्त कापला असेल तरी बादच. आणि आशेनं मोजलेलं माप खोटं येतं, हे मीच तुला शंभरदा सुनावलेलं. म्हणून मी तिसऱ्या सिलिंडरकडं बघितलंच नाही. पहिल्या जागेपासून सुरुवात केली.

हेडखालचं जुनं ग्यासकीट टाकून हेड बसवलं, बोल्ट ताणले. मग 'सासू' काढली. नाव तूच ठेवलेलं. जुना पुशरॉड मधोमध कापून, आत आटे पाडून, बोल्ट घालून आपण तो बनवला होता, पाहिजे तसा लांब-आखूड होणारा. "कितीबी केलं तरी खुश न्हाई, अन् हरेकाची चूक काढनार," म्हणून सासू. आईसमोर तू हे म्हणालास तेव्हा आईनं तुला फुंकणी फेकून मारली होती.

सासू पहिल्या जागी घातली. वाल्व्हच्या टोकाला मार्करची काळी शाई लावली. रॉकर बसवला आणि पाना लावून क्रँक हातानं सावकाश दोन फेरे फिरवला. रॉकर काढून बघितलं. शाईवर घासल्याची रेघ उमटते, ती बारीक आणि बरोबर मध्ये आली की माप बरोबर. रेघ कडेला होती. सासू जराशी आवळून आखूड केली, पुन्हा शाई, पुन्हा फेरे. रेघ मध्ये आली. सासू काढून काचेवर उभी केली आणि शेजारी तुझ्या सातांतला एक. वर पट्टी धरली. उजेड नाही.

"एक झालं," रामकिसन म्हणाला.

दुसऱ्या जागेचं जुळलं. तिसऱ्या जागेचं जुळलं. चौथं. प्रत्येक वेळी शाई, फेरे, काच, पट्टी. कुणीही उठून गेलं नाही. रामकिसननं चहा सांगितला होता तो आला आणि तसाच निवला. पाचवं जुळलं. आता तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टची पाळी होती. माझे हात तेलकट होते म्हणून मी ते पुसले आणि मग पुन्हा पुसले.

सासू तशीच घातली आणि क्रँक फिरवला. रेघ पार कडेला गेली होती. मी सासू आवळली. पुन्हा फेरे. अजून कडेलाच. पुन्हा आवळली. मनात तुला शिव्या देत होतो. अरे, एक शब्द फोनवर बोलला असतास तर काय झालं असतं? मांडवातल्या स्पीकरवर मात करून गप्पा मारल्यास आणि जे सांगायचं ते ठेवून घेतलंस. पुन्हा आवळली. रेघ मध्ये आली. बारीक, सरळ.

सासू बाहेर काढली आणि काचेवर तुझ्या आखूड रॉडशेजारी उभी केली. पट्टी माझ्या हातात होती, पण मी ती रामकिसनच्या हातात दिली. "तू धर," म्हणालो.

त्यानं धरली. वाकला. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. मग केजच्या मेकॅनिककडं पट्टी दिली. तोही वाकला. उजेड नव्हता.

"हा हात सरकलेला न्हाई," तो म्हणाला. "हा हितलाच हाय."

तुझी आई दारातून ओरडली, "काय झालं?" रामकिसन म्हणाला, "बरुबर हाय, काकू." त्याचे डोळे भरले होते. उरलेली दोन मी मोजली, आता कुणी म्हणत नव्हतं तरी. तीही जुळली. वहिनी कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. मी त्यांना म्हणालो, "वहिनी, त्यानं नीट केलतं." त्या तिथंच खाली बसल्या आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या. मी पण रडलो, लपवायला तिथं जागा नव्हती.

नवीन ग्यासकीट टाकून दुसऱ्या दिवशी इंजिन बांधलं. पहिल्या सेल्फला ते घरघरलं आणि दुसऱ्याला धरलं. टॅपेटचा आवाज कसा यावा तर आपल्या शिवणाच्या मशीनसारखा, एकसुरी. रामकिसननं तुझ्या आईला पुढं बसवून केजपर्यंत नेऊन आणलं. कबूल केल्याप्रमाणे मी गावभर सांगितलं, आता इथंही लिहितोय. दत्ताचं माप बरोबर होतं.

पण जीप वळणाआड गेली आणि मी हेड पुसायचा बोळा टाकायला गेलो, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शाई. तू जिथं जिथं मोजलंस, तिथं तिथं वाल्व्हच्या टोकाला शाई लावली असणार. पण मोजायच्या सकाळी मी हेड टेबलावरून उचललं तेव्हा आठही टोकं लख्ख होती.

मी धावत घरात गेलो. "वहिनी, ते हेड पुसलं तवा त्याच्यावर काळे डाग व्हते का? बारक्या बारक्या टोकांवर?"

"व्हते की. डिझेलनं घासून काढले."

"किती व्हते?"

"भावजी, काळं दिसलं की पुसलं. कोन मोजतंय?"

लेथवाल्याकडंही जाऊन आलो. तो म्हणाला, दत्तानं नमुन्याला दोन रॉड दिले, सात असे काप, एक असा काप. म्हणजे कळायला मार्ग नाही. तू आठही जागी मोजलंस आणि सात सारखे निघाले, किंवा तू पहिला मोजलास आणि माझी कटकट आठवून तेवढा तिसऱ्याचा मोजलास, बाकीचा भात शितावरून ओळखलास. आठ मोजले असलेस तर मी जिंकलो. दोनच मोजले असलेस तर माझं एक बोलणं ऐकूनही तूच जिंकलास, आणि त्या मैलाच्या दगडाशेजारी दुसरा दगड येऊन बसला. मी दोन्ही बाजूंनी विचार करतो. कधी तुला एकट्याला त्या हेडवर वाकून आठव्यांदा शाई लावताना बघतो, कधी दुसऱ्याला लावून, एक डोळा मिटून, "झालं," म्हणताना बघतो. दोन्ही तूच आहेस.

पाटी मी तशीच ठेवलीय. परवा वाऱ्यानं तिचा एक खिळा निघाला, तो ठोकला. सासू खुंटीला आहे. मी आठच्या आठ मोजतो आणि मला उशीर होतो, आणि "जेवून येतो" म्हणणारं कुणी नाही, म्हणून मीही जेवायला उशिरा जातो.

मेल्यावर माणसं कुठं भेटतात यावर माझा विश्वास नाही, हे तुला माहीत आहे. पण चुकून भेटलासच, तर तुझा रामराम आणि माझा जयभीम नंतर. आधी तेवढं सांग बे, दोन का आठ?